उकिरड्याच्या जागेतली पेरणी

चुडाव्याच्या आसपासच्या चार गावांत मनकर्णाचं खुरपं नावाजलेलं होतं. ती पातीला बसली की तिच्या शेजारची पात घ्यायला बायका का-कू करायच्या. कारण उघड होतं. मनकर्णा पुढे गेली की शेजारची मागे पडणार आणि मागे पडणारीला मालकाचं बोलणं खावं लागणार. बोलता बोलता, हसता हसता, कधी तर मागे वळून कुणाशी कडाकडा भांडतानासुद्धा तिचा हात पुढे चालतच असे. डोळ्यांनी बघायची तिला गरज नव्हती. सरकी, सोयाबीन आणि तूर ही तीन पानं तेवढी सोडायची. बाकी जे बोटाला लागेल ते मुळासकट वर.

अशा बाईला बावन्नाव्या वर्षी एक प्रश्न पडला. बी पेरायचं ते कधी?

हसू नका. सरकी तिने आयुष्यात इतकी लावली होती की तेवढ्या झाडांचा कापूस ठेवायला गाव पुरलं नसतं. पण लावायची कधी, हे तिला कुणी विचारलेलं नव्हतं. आदल्या सांजेला मालकाचा माणूस गल्लीच्या तोंडाशी येऊन ‘उद्या लावण हाय, या गं’ म्हणायचा आणि बायका जायच्या. पाऊस किती झाला, जमीन कशी आहे, बी आज टाकावं का चार दिवसांनी, ही सगळी काळजी ज्याचं रान त्याची. मनकर्णाकडे रान नव्हतं, त्यामुळे काळजीही नव्हती. तिच्या सासऱ्याकडेही नव्हतं आणि बापाकडेही नव्हतं.

आता मात्र घराच्या मागे थोडी जागा होती. घरकुल मंजूर झालं, दोन खोल्या उभ्या राहिल्या आणि मागच्या भिंतीपासून ओढ्याकडे उतरणारा वीस-बावीस हातांचा तुकडा मोकळा पडला. पूर्वी तिथे दत्तरावाचा उकिरडा होता. ट्रॅक्टर आला, बैलं गेली, शेण गेलं, उकिरडाही गेला. मोजणी कधी झालेली नव्हती. ज्याचा वापर त्याची जागा, असा गावचा रिवाज.

दत्तराव तसा वाईट माणूस नव्हता. बारा एकराचा धनी, स्वतः बांधावर उभा राहून राबणारा. फक्त त्याचं तोंड त्याच्या रानापेक्षा मोठं होतं. मनकर्णाचा नवरा सटवाजी त्याच्याकडे वीस वर्षं सालगडी होता, त्यामुळे या घरात काय बोलावं आणि काय नाही याचा विधिनिषेध दत्तरावाला कधी वाटलाच नाही.

पोळा होऊन पंधरवडा झाला असेल. नळाला पाणी आलं होतं, बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. दत्तराव मागच्या बाजूने आला, त्या तुकड्यात उभा राहिला आणि हात कमरेवर ठेवून म्हणाला, “मनकर्णा, औंदा सोयाबीनचं भुसकट हितं टाकावं म्हनतो मी. घरी जागाच न्हाई. तुमचं तर हे खाली, रिकामंच पडलंय.”

“खाली कुठं, दादा?” मनकर्णा म्हणाली. “मी भाजी लावनार हाय हितं.”

हे तिने कसं म्हटलं, ते तिचं तिलाही कळलं नाही. भाजीचा विचार तोवर तिच्या मनात आलेलाच नव्हता. जागा जाते आहे एवढंच दिसलं आणि जिभेवर जे आलं ते बोलून गेली.

दत्तराव मोकळेपणाने हसला. “तू? आगं, तुझा हात उपटायचा. लावायचा हात येगळा आस्तोय.”

नळावरच्या बायकाही हसल्या. त्यात तिच्याच खुरपणीच्या टोळीतल्या होत्या.

“बरं, लाव,” दत्तराव म्हणाला. “मळणीपत्तोर हितं हिरवं दिसलं, तर मी ह्या जागेचं नाव काढनार न्हाई. न्हाई दिसलं, तर माझं भुसकट. सगळ्याम्होरं बोल.”

“बोलले,” मनकर्णा म्हणाली आणि घागर उचलून घरात गेली.

सटवाजी दारात तंबाखू मळत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. चिमूट ओठात ठेवून तो म्हणाला, “कव्हा लावतीस?”

नवऱ्याने साधा प्रश्न विचारला होता. पण रात्रभर जेवणात, झोपेत, कुशी बदलताना ‘कव्हा’ हा एकच शब्द मनकर्णाच्या डोक्यात घोळत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तिने विचारायला सुरुवात केली. आधी टोळीत विचारलं. मेथी कधी टाकतात? पालक कधी? सगळ्या बायकांनी जन्मभर भाजी निवडली होती, पण टाकली कुणीच नव्हती. जिला जे सुचलं ते तिने सांगितलं. एक म्हणाली थंडीत, दुसरी म्हणाली कधीही. तिसरी राजेश्री, टोळीत सगळ्यांत तरणी आणि सगळ्यांत चावट, ती म्हणाली, “मावशी, बाजारात जुडी मिळती की. बियाला कामून तकलीफ द्यायलाव?” बायका हसल्या. पण मनकर्णाचं कुतूहल काही हसण्यावारी जात नव्हतं. सोयाबीनच्या ओळीत बसल्या बसल्या ती विचार करायची. बी डबीत वर्षभर गप पडून असतं. मग मातीत गेल्यावर त्याला कसं कळतं की आता उठायचं? आणि कळतं तर ते थोडं आपल्याला का सांगत नाही?

गीताबाईला विचारायला ती मुद्दाम गेली. गीताबाई म्हणजे दत्तरावाची बायको. नवऱ्याने तोंडाने मिळवलेले वैरी ती ताकाच्या तांब्याने परत जोडायची. ओसरीवर बसून तिने मनकर्णाचं सगळं ऐकून घेतलं.

“आत्ता तर टाकूच नकू,” ती म्हणाली. “पितरं बसलेत. पितरात बी टाकू न्हाई. हस्त लागू दे, दसरा होऊ दे, मग टाक मेथी.”

“दसऱ्याला तर तुमची मळणीच यील, गीताबाई.”

“यील खरं.” गीताबाईलाही ते पटलं. पैजेची गोष्ट तिच्या कानावर होती आणि नवऱ्याचा तिला राग आला होता, पण ते बोलून दाखवणार कशी?

“आन आमच्यात पितरं न्हाईत,” मनकर्णा म्हणाली. “सासऱ्यानं तव्हाच सोडली. छप्पन साली, दीक्षा घेतली तव्हा.”

“आगं, पन बियाला काय ठावं आपुन कुनाच्या घरात हाव ते?”

याच्यावर दुसऱ्या कुणी वाद घातला असता. मनकर्णा मात्र घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत राहिली. खरंच, बियाला काय माहीत असतं? ऊन माहीत असेल, पाणी माहीत असेल. तिथी माहीत असेल असं तिला वाटेना. पण खात्रीही देता येईना, कारण मृगाच्या आधी पेरलेलं वाया जातं हे तर तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

मंगळवारी ती चुडाव्याला गेली. स्टेशनच्या अलीकडे बन्सीधर राहायचा. बन्सीधर परभणीच्या कृषी विद्यापीठात तीस वर्षं बागेत कामाला होता. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन आला आणि तेव्हापासून शर्टाच्या खिशाला पेन लावून फिरायचा. मनकर्णाच्या माहेरकडून त्याचं दूरचं नातं होतं.

“जयभीम, बन्सीभाऊ.”

“जयभीम. ये, बस. आज इकडं कसं?”

तिने सांगितलं. बन्सीधर खूश झाला. कुणीतरी विद्यापीठाचं विचारायला आलं होतं. वाफा किती रुंद धरायचा, दोन ओळींत किती अंतर सोडायचं, बी किती खोल गेलं पाहिजे, हे सगळं त्याने अंगणात काडीने ओळी ओढून दाखवलं. बोटाचं अर्धं पेर, त्याच्या खाली नाही. राखेत कालवून टाकलं की बी सारखं पडतं. मनकर्णा गुडघ्यावर हनुवटी ठेवून एकेक गोष्ट गिळत होती.

“समदं कळलं,” ती म्हणाली. “आता एवढं सांगा, कव्हा टाकू?”

बन्सीधरची काडी थांबली. त्याने अंगणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“कव्हा ते...” तो म्हणाला आणि जरा हसला. “खरं सांगू का, मनकर्णाबाई? कव्हा ते साहेब सांगायचे. मी निस्ती दोरी धरायचो.”

मग बन्सीधरच्या बायकोने चहा आणला. परत येताना मनकर्णाला हसू येत होतं. विद्यापीठात तीस वर्षं राहिलेला माणूस, त्यालाही ठाऊक नाही!

रविवारी प्रियांका आली. प्रियांका ही तिची मुलगी, परभणीत एका कचेरीत कारकून. सकाळच्या गाडीने चुडाव्याला उतरली आणि पिशवीतून बियाण्याची तीन रंगीत पाकिटं काढून तिने आईच्या ओटीत टाकली. मेथी, पालक, मुळा. मनकर्णाने पाकीट कानाशी नेऊन हलवलं. आत बी वाजलं. तिला एवढा आनंद झाला की तिने तिन्ही पाकिटं एकेक करून वाजवली.

“ह्याच्यावर काय लिवलंय बग बरं. कव्हा पेरायचं ते.”

प्रियांकाने बारीक अक्षरं डोळ्यांजवळ धरली. “पेरणीचा काळ, वर्षभर. हवामानानुसार.”

“म्हंजे कव्हा?”

“म्हंजे कव्हा बी चालतंय, माय.”

“कव्हा बी म्हंजे कव्हाच न्हाई,” मनकर्णा म्हणाली.

“लय इचार करायलीस तू. मळणीला दिवस किती राहिले? आजच टाक. मी हाय तवर होऊन जाऊ दे.”

आदल्या रात्री सर पडून गेली होती. सटवाजीने कुदळ घातली तर माती कुदळीला लगडून वर आली. उकिरड्याची माती, काळी, तुपासारखी. तो म्हणाला, “वल हाय गं लय.” मनकर्णालाही ते कळत होतं. वाफ्यात पाय ठेवला की टाच रुतत होती आणि उचलताना मातीचं पायताण वर येत होतं. पण मुलगी शिकलेली, पाकिटावर वर्षभर लिहिलेलं, आणि तिची गाडी दुपारची. मनकर्णाने पदर खोचला आणि बी टाकलं.

सगळं टाकलं नाही. प्रत्येक पाकिटातलं निम्मं टाकून तिने तोंड दुमडलं आणि पाकिटं फडताळात ठेवली. “आगं, राहू दिलंस कामून?” प्रियांकाने विचारलं. सरकी लावताना उरलेलं बी सांजेला मालकाच्या हातात द्यायचं असतं. मूठ रिकामी दिसली की मालक संशय घेतो. इथे मालक कोण होता? पण हाताला लागलेली सवय, ती एका दिवसात थोडीच जाते!

पुढचे दिवस मोठे मजेचे गेले. मनकर्णा पहाटे उठून मागे जायची. तिसऱ्या दिवशी काही दिसेना, तेव्हा तिने करंगळीने माती उकरली. मेथीचा दाणा फुगून टपोरा झाला होता आणि त्याच्या कडेला पांढरा, सुईच्या टोकाएवढा मोड आला होता. ती कितीतरी वेळ बघत बसली. मग दाणा परत झाकला. दुपारी कामावरून येऊन पुन्हा उकरला. सटवाजी ओरडला, “आगं, ते काय भाकर हाय व्हय सारखी उलटी करून बगायला?” पण दुसऱ्या दिवशी तोही तिच्या मागे येऊन वाकून बघत होता.

चिखलात टाकलेलं बी, त्यावर ऊन पडून आलेली पापडी. निम्मं खालीच कुजलं. पण जे वर आलं ते आलं. पापडी डोक्यावर उचलून मेथीची जोडपानं बाहेर पडली. मुळ्याची पानं बदामासारखी, पालकाची लांबोडकी. मनकर्णाने मेथी जुडीत बघितली होती, मातीत कधी बघितली नव्हती. आणि त्यांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्यापेक्षा जोमाने, उकिरड्यात वर्षानुवर्षं पडलेलं सगळं तणही उठलं. चिघळ, माठ, केना, कुंजर. ती सगळी मनकर्णाच्या रोजच्या ओळखीची मंडळी.

दहा-बारा दिवसांनी, एका सांजेला, ती वाफ्याशी खुरपं घेऊन बसली. तण फार झालं होतं. तेवढ्यात प्रियांकाचा फोन आला. मनकर्णाने फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला. प्रियांकाच्या कचेरीत काहीतरी बदलीचं चाललं होतं, तिला पूर्णेला टाकणार की परभणीतच ठेवणार. ते लांबतच गेलं. मनकर्णा हूं हूं करत होती, मध्येच त्या साहेबाला शिव्या देत होती. खुरपं चालू होतं.

फोन ठेवून ती उठली, कंबर सरळ केली आणि वळून बघितलं. वाफा लख्ख होता. काडीसुद्धा नव्हती त्यात. कुठल्याही मालकाने बघितला असता तर म्हणाला असता, खुरपावं तर मनकर्णानं.

पहिल्या क्षणी तिला बरंच वाटलं. मग तिने घाम पुसायला हात तोंडाशी नेला, आणि हाताला मेथीचा वास आला.

ती तशीच उभी राहिली. पुन्हा हात हुंगला. बाजूला टाकलेल्या तणाच्या ढिगात तिने बोटं घातली. चिघळ, माठ, केना, आणि त्यांच्यात माना टाकलेली मेथी, मुळा, पालक. सरकी नाही, सोयाबीन नाही, तूर नाही. मग काय, मुळासकट वर.

गीताबाई ताक घेऊन आली ती नेमकी तेव्हाच. “आगं बाई, किती सोच्छ केलंस!” ती म्हणाली, आणि मग तिचं लक्ष मनकर्णाच्या तोंडाकडे गेलं. तिने तांब्या खाली ठेवला. ती ढिगाशी बसली आणि मेथीची रोपं एकेक वेचून बाजूला काढू लागली. पण उपटलेलं परत लागतंय का!

गीताबाई कुणाला सांगणारी नव्हती. पण गल्लीतून जाता येता चार जणींनी बघितलं, आणि अंधार पडायच्या आत गावभर झालं. दत्तराव दारावरून जाताना थांबला. “मी म्हनलं नव्हतं?” तो म्हणाला. कुचकेपणाने नाही, अगदी सहज, आभाळ आलंय म्हणावं तसं. ते जास्त लागलं. टोचून बोलला असता तर तिने उलट दिलं असतं. खरं बोलणाऱ्याला काय देणार?

सटवाजीने वेचलेली रोपं धुतली. “भाजी कर ह्याची,” तो म्हणाला. “आपली हाय.” तिने लसूण ठेचून फोडणी दिली. दोघांत मिळून चार घासांची भाजी झाली. कोवळी होती, कडू नव्हती. जेवताना मनकर्णा रडली, आणि रडता रडता म्हणाली, “चव झाक हाय वो.” सटवाजीने आपल्या ताटातला शेवटचा घास तिच्या भाकरीवर ठेवला.

त्यानंतर पाऊस लागला. चार दिवस आणि चार रात्री नुसती झड. येलदरी धरणाचे दरवाजे उघडले, पूर्णा नदीला पाणी आलं, ओढा मागच्या उतारापर्यंत चढून आला आणि ओसरला. कामं बंद. रानात सोयाबीन वाळून उभं होतं आणि शेंगा काळ्या पडायला लागल्या. दत्तराव छत्री घेऊन दिवसातून तीनदा रानात जायचा आणि प्रत्येक वेळी तोंड बारीक करून यायचा. मनकर्णा दारात बसून पाण्याकडे बघायची. फडताळात निम्मं बी होतं. आता कुणाला विचारायचं राहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी उघडलं. लोक आभाळाकडे बघत होते, मनकर्णा चपला काढून मागच्या तुकड्यात गेली. पाय घोट्यापर्यंत रुतला. सहाव्या दिवशी टाच रुतली, माती चिकटून आली. सातव्या दिवशी संध्याकाळी माती पायाला लागत होती, पण उचलताना निम्मी सुटत होती. ती तिथेच थांबली. हे तर तिला माहीत होतं. पावसानंतर खुरपायला जायचं का नाही, हे टोळीत तिलाच विचारायच्या सगळ्या. ‘आज नकू, माती धरायली. उद्या,’ असं ती सांगायची आणि ते कधी चुकलेलं नव्हतं. तीस वर्षं ती हेच तर बघत आली होती. फक्त त्याला पेरणीशी जोडावं असं कधी मनात आलं नव्हतं, कारण पेरणी तिची नव्हती.

आठव्या दिवशी तांबडं फुटायला ती मागे होती. खुरपं मातीत घातलं आणि वर काढलं. पातं स्वच्छ निघालं. मूठभर माती दाबली तर गोळा झाला, अंगठ्याने टेकवलं तर भुसभुशीत फुटला. वाफसा. ना ओली ना कोरडी, बी घ्यायला तयार. काळ्या मातीत वाफसा दिवस-दीड दिवस टिकतो. मग ऊन लागलं की ढेकळं.

“आवं, उठा,” तिने सटवाजीला हाक मारली. “आज टाकायचं.”

“कुनी सांगितलं?”

“मी सांगायले.”

सटवाजीने वाफा मोकळा केला. मनकर्णाने राखेत मेथी कालवली, बन्सीधरने दाखवल्यासारखी काडीने ओळ ओढली, अर्धं पेर खोल, आणि चिमटीतून बी सोडत पुढे सरकली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. इतक्यात घराच्या कडेने दत्तराव आला. रस्त्यावर टोळीच्या बायका विळे घेऊन उभ्या होत्या.

“मनकर्णा, चल लवकर. रानात पाय ठिवता यायलाय आता. शेंगांत कोंब फुटायलेत. परवा मशीन येतंय मळणीला.”

“मी आज येत न्हाई, दादा.”

“येत न्हाई?” आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं त्याला वाटलं. वीस-पंचवीस वर्षांत हे त्याने त्या घरातून ऐकलेलं नव्हतं.

“बाया येत्यात. पात राजेश्री धरील. माझं हितं काम हाय.”

“आगं, हे भाजीचं काम एक दिस मागं म्होरं झालं तर काय हुतंय? दोन दिस सोयाबीन काढू लाग, मग बस की लावत.”

आजचा रोज बुडणार होता, ते मनकर्णाला कळत होतं. उद्या दत्तरावाने दुसरी टोळी सांगितली तर सगळ्या बायका तिच्यावर खवळणार, हेही कळत होतं. पण हात मातीत होते आणि माती थंड होती.

“दोन दिसानं ह्याचं ढेकूळ हुईल,” ती म्हणाली. “वाफसा आज हाय. तुमाला मी काय सांगावं?”

दत्तरावाने बोलायला तोंड उघडलं. मग काय वाटलं कोण जाणे, सवयीने तो खाली वाकला, मूठभर माती उचलली आणि दाबली. गोळा झाला. अंगठा टेकवला, फुटला. त्याने पुन्हा एकदा, जरा पुढची माती घेऊन, तेच केलं. एरवी हा माणूस कुणालाही काहीही बोलायचा. पण वाफश्यावर आलेलं रान सोडून चल, असं दुसऱ्याला म्हणायला शेतकऱ्याची जीभ रेटत नाही.

“हाय,” तो म्हणाला. “वाफसा हाय खरा.”

त्याने हातातली माती झटकली नाही, खाली सोडली. मग पायांकडे बघितलं.

“हितं टाकलंस का बी?”

“दोन वळी झाल्यात. तुमी दुसरीत उभे हाव.”

दत्तराव दचकला. पेरलेल्या रानात उभं राहिल्यावर शेतकरी दचकतो, तसाच. त्याने एक पाय अलगद उचलला, मग दुसरा, ज्या पावलांनी आला होता त्यांच्यावरच पाय टाकत मागे सरकला आणि कडेला जाऊन उभा राहिला. मग वाकून, हात लांब करून, ओळीवर उमटलेलं आपलं पाऊल त्याने बोटांनी मोकळं केलं.

“भुसकट वढ्याच्या तिकडं टाकतो मी,” तो म्हणाला. तिच्याकडे बघून नाही, आपल्याशीच म्हणाल्यासारखा.

आणि कडेकडेने, भिंतीला अंग घासत, तो रस्त्याकडे गेला. तिथून त्याचा आवाज आला, “चला गं, हाना पाय. मनकर्णाबाई न्हाई येत आज. तिची पेरणी हाय.”

कुणीतरी हसेल म्हणून मनकर्णा कान देऊन बसली. कुणी हसलं नाही. बायकांच्या चपलांचा आवाज ओढ्याकडे उतरत गेला. राजेश्रीने तेवढं एकदा वळून बघितलं.

सटवाजी कुदळीवर टेकून उभा होता. “म्होरं ओढ,” तो म्हणाला. “ऊन चढायलंय.”

मनकर्णाने तिसरी ओळ ओढली आणि चिमटीत बी घेतलं. तिचं निम्मं लक्ष अजून रस्त्याकडे होतं, त्यामुळे त्या ओळीत मेथी जरा दाट पडली.